ग्र आणि गृ

मुद्रितशोधकाला कचेरीत सगळे 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून एक वेलांटी निसटली नव्हती. लोक 'ग्रहपाठ' लिहीत, तो 'गृहपाठ' करी. लोक 'ग्रहिणी' लिहीत, तो कपाळाला हात लावून 'गृहिणी' करी. त्याची निम्मी शाई 'ग्र'चा 'गृ' करण्यातच संपली होती. त्यामुळे ग्रहणाच्या खास पुरवणीत ज्योतिषीबुवांनी 'ग्रहयुद्ध' लिहिलेलं पाहून त्याला त्यांची कीवच आली. युद्ध करायला ग्रहांना काय हातपाय असतात? त्याने लाल गोल काढला, 'गृ' केला आणि निवांत चहा प्यायला.

या पुरवणीवर त्याचं बरंच काही अडलं होतं. संपादकांनी सांगून ठेवलं होतं, "पुरवणी बिनचूक निघाली तर सोमवारपासून मुख्य मुद्रितशोधक तुम्ही. फक्त वर्षभर रविवारी यावं लागेल." पठ्ठ्याने लगेच मान डोलावली होती. बायकोला मात्र रविवारचं सांगायचं राहिलं होतं. राहिलं म्हणजे धीर झाला नव्हता. कारण दर रविवारी दोघांनी पोहायला शिकायचं असं तिने ठरवलं होतं आणि तलावावर दोघांची नावंही घालून आली होती.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी पुरवणी घरी आली. बायकोने मोठ्याने वाचली. "'ग्रहण सुटताच गृहयुद्ध. बलाढ्य सत्ता एकमेकींकडे पाठ फिरवतील. साखरेचा पुरवठा विस्कळीत होईल. गुप्त करार चव्हाट्यावर येतील.' अहो, आधी साखर आणा बघू. डबा रिकामा आहे."

"अगं, हे जगाचं भविष्य आहे. आणि पेपरात छापलेलं सगळं खरं असतं का?"

"म्हणजे तुम्ही तपासलेलं खोटं असतं?"

पिशवी घेऊन तो निघाला. दुकानापुढे कोपऱ्यापर्यंत रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या काखेत पुरवणी होती.

"युद्ध होणार म्हणे," पुढच्या काकू म्हणाल्या. "तुमच्या पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार. त्यात एक चूक नसते."

ऱ्हस्वदीर्घाची छाती फुगली. त्याचा नंबर येईपर्यंत साखर संपली होती. दुकानदार म्हणाला, "मीठ आहे, देऊ?" रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून त्याने मीठ घेतलं.

कचेरीत पोचतो तर फोन घणघणत होते आणि संपादकांसमोर ज्योतिषीबुवा लालबुंद होऊन उभे होते.

"ग्रहयुद्ध! ग्र! दोन ग्रह आकाशात अगदी शेजारी आले की त्याला ग्रहयुद्ध म्हणतात. शास्त्रातला शब्द आहे तो. कुणी दिवट्याने जमिनीवर उतरवला?"

टेबलावर तपासलेला कागद होता. त्यावरचा लाल गोल लांबूनही ओळखू येत होता. ऱ्हस्वदीर्घ पुढे झाला. "मीच," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज ऱ्हस्व झाला.

"उद्याच्या अंकात खुलासा द्या," संपादक म्हणाले. "बुवांना विचारून लिहा. बढतीचं मग बघू."

कचेरीत फोनमुळे काही सुचेना, म्हणून संध्याकाळी तो बुवांना घरीच घेऊन आला. बायकोने चहा आणला. बिनसाखरेचा. बुवांनी एक घोट घेतला आणि कप लांब ठेवला.

"साखर मिळाली नाही," बायको म्हणाली. "ह्यांनी मीठ आणलं."

"असू दे हो वहिनी. मला ह्यांचंच वाईट वाटतं," बुवा कळवळून म्हणाले. "संपादक सांगत होते, बढतीसाठी बिचाऱ्यांनी वर्षभराचे रविवार देऊ केले होते."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"सगळे रविवार?"

"मी सांगणारच होतो."

"कधी? तलावात ढकलल्यावर?" असं म्हणून तिने खुर्ची फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

बुवा एकदम ताठ झाले. त्यांनी पुरवणी काढली आणि बोट ठेवून वाचू लागले. "साखरेचा पुरवठा विस्कळीत. झाला. गुप्त करार चव्हाट्यावर. आला. बलाढ्य सत्तांनी पाठ फिरवली." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अहो, तीस वर्षं भाकितं करतोय. शब्दन् शब्द खरा झालेला आज पहिल्यांदा पाहतोय. खुलासा बिलासा काही नको. गृहयुद्धच बरोबर आहे. संपादकांना मीच सांगतो." चपला उलट्यासुलट्या घालून ते पळालेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संपादक खुशीत होते. "बुवांची तक्रार नाही. पुरवणी बिनचूक धरतो. सोमवारपासून तुम्ही मुख्य."

ऱ्हस्वदीर्घ पेन फिरवत उभा राहिला. हवं ते समोर होतं, पण चुकीच्या 'गृ'वर मिळालेलं.

"साहेब, चूक ती चूक. खुलासा छापा. आणि रविवारी मला जमणार नाही. रविवारी मी पोहायला जातो."

संपादकांनी चष्मा काढला. "स्वतःची चूक छापा म्हणणारा मुद्रितशोधक मी आजवर पाहिला नाही. पद तुमचंच. रविवारचं बघतो मी."

खुलासा शनिवारी छापून आला. रविवार सुटल्याचं सांगत त्याने तो बायकोपुढे ठेवला. बायकोने तो दोनदा वाचला.

"म्हणजे आपलं भांडण ही छपाईची चूक होती तर," ती म्हणाली आणि खुर्ची वळवून हसायला लागली. तोही हसला. दोन दिवसांनी त्याला इतकं हलकं वाटत होतं की आता पाण्यावर आपण आपोआपच तरंगू, अशी त्याची खात्री झाली.

रविवारी दोघं टॉवेल घेऊन बाहेर पडतात तोच दारात ज्योतिषीबुवा उभे. हातात पुढच्या आठवड्याचं भविष्य होतं.

"घाई नाही," ते आवाज खाली आणून म्हणाले. "फक्त तपासताना एखादी चूक होईल का, तेवढं पाहा."