चेहरा आढळला नाही

बाळकुमचा लॅन्सी दर रविवारी न चुकता चर्चमध्ये मिस्साला जात असे आणि गेल्याचा फोटो न चुकता टाकत असे. यात गैर काहीच नव्हते. पण एका रविवारी फोटो टाकायचा राहिला आणि सोमवारी तिघांनी विचारले, "काल आला नव्हतास?" दीड तास पहिल्या बाकावर बसलेल्या लॅन्सीला घाम फुटला. भक्ती केली खरी, पुरावा काय?

प्रश्न गंभीर असल्याने समिती नेमण्यात आली. 'उपस्थिती व भक्तिभाव पडताळणी उपसमिती.' सचिव अर्थातच लॅन्सी. समितीने अ‍ॅप आणले. फोन समोर धरायचा, चेहरा गोलात आला की हजेरी लागली. सर्वाधिक हजेरी ज्याची, तो 'महिन्याचा भाविक'. पहिले दोन महिने हा मान लॅन्सीने नम्रपणे स्वतःला दिला.

अडचण एवढीच, की डोळे मिटलेला माणूस अ‍ॅपला ओळखू येईना. तेव्हा परिपत्रक निघाले: प्रार्थना डोळे उघडे ठेवून करावी. गुडघे टेकले की चेहरा गोलाबाहेर जाई, म्हणून गुडघे टेकण्यास पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. मान खाली घालणे ही 'संशयास्पद हालचाल' झाली. फादर लिओनार्ड वेदीवरून पाहत, तर अडीचशे माणसे आपापल्या चेहऱ्याकडे टक लावून बसलेली.

"इतकी एकाग्रता मी आयुष्यात पाहिली नाही," फादर म्हणाले. समितीने हे प्रशंसापत्र म्हणून दप्तरी दाखल केले.

राहता राहिल्या शेवटच्या बाकावरच्या कॉन्स्टन्स आंटी. वय अठ्ठ्याहत्तर, फोन नाही, आणि बसल्या की डोळे मिटलेले. लॅन्सी स्वतः त्यांच्या तोंडासमोर फोन धरी. अ‍ॅप म्हणे, 'चेहरा आढळला नाही.'

"आंटी, तुम्ही सलग अकरा रविवार गैरहजर आहात."

"अरं, तूच तं दर रविवारी माज्यासमोर फोन धरून हुबा र्‍हातोस!"

"म्हणून तर गैरहजेरीचा साक्षीदारही मीच आहे. जरा डोळे उघडा ना."

"डोलं उघडलं का मना तूच दिसतोस. मी तुला बघाया येत नाय रं."

हे उत्तर असमाधानकारक ठरवून आंटींचे नाव नोंदवहीतून कमी करण्यात आले.

त्याच आठवड्यात लॅन्सीची बायको व्हॅलेरी भर दुपारी पोट धरून कोसळली. कळव्याच्या हॉस्पिटलात नेले. अपेंडिक्स फुटलेले, ताबडतोब ऑपरेशन. लॅन्सीने तिच्या सलाइन लावलेल्या हाताचा फोटो काढला आणि टाकला: 'प्रार्थना करा.'

"अरे, माझा हात धर ना," व्हॅलेरी कण्हत म्हणाली. "भीती वाटते रे."

"एक मिनिट. लोक रिप्लाय देतायत, बरं नाही दिसत."

तासाभरात एक हजार चारशे बारा जोडलेले हात आले. तेवढ्यात नर्सने सांगितले, "रक्त लागेल. दोन माणसं बोलवा." लॅन्सीने तेही टाकले. आणखी चाळीस जोडलेले हात आले. माणूस एकही आला नाही.

मग जिन्यावरून धापा टाकत कॉन्स्टन्स आंटी आल्या. मागे दोन दांडगे पुतणे; लॅन्सीची पोस्ट त्यांनीच आंटींना वाचून दाखवली होती. "ह्ये घ्या. रगत काढा," त्या नर्सला म्हणाल्या. व्हॅलेरीचा हात हातात घेऊन बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. तिला आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर तशाच बसून राहिल्या, डॉक्टर येऊन "सुखरूप" म्हणेपर्यंत. लॅन्सी भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. त्या रडण्याचा फोटो काढायचे त्याला सुचलेही नाही.

पुढच्या रविवारी तो फोन घरी ठेवून आला. शेवटच्या बाकावर, आंटींशेजारी गुडघे टेकून त्याने डोळे मिटले. देवाचे आभार मानले, माफी मागितली. छाती हलकी झाली. पुरी दोन मिनिटे लॅन्सी स्वतःच्याच मनातसुद्धा नव्हता.

तिसऱ्या मिनिटाला त्याला वाटले, आपण किती मनापासून प्रार्थना करतोय! आणि कुणी पाहतही नाही?

त्याने एक डोळा किंचित उघडला. अडीचशे माणसे स्वतःकडे पाहत होती. आंटींचे डोळे मिटलेले होते. लॅन्सीकडे पाहणारे एकटे तुम्हीच होतात.

म्हणजे प्रार्थना चालू असताना डोळे तुमचेही उघडेच होते.