मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबेल

वामनराव डबल बेल झाल्याशिवाय जागचे हलत नाहीत. हे मी अलंकारिक बोलत नाही. जेवण झालं, हात धुतला, तरी ते पाटावर बसून राहतात. मग त्यांच्या पत्नी, आमच्या सुमनवैनी, स्वयंपाकघरातून पळीनं पातेल्यावर दोनदा ठोकतात, टण टण, आणि वामनराव उठतात. चुकून एकदाच ठोकलं तर उचललेला पाय परत खाली ठेवतात. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर ‘उठा आजोबा’ म्हणून थकले. हे टेबलावर ओंडक्यासारखे पडलेले. शेवटी नर्सच्या हातून कात्री आणि चिमटा एकापाठोपाठ एक ट्रेमध्ये पडले, तेव्हा कुठे उठले. उठताना आधी उजवीकडे पाहिलं. तिकडे आरसा असतो.

अकोला–अमरावती या सरकारी लाल बसवर वामनराव ड्रायव्हर होते आणि मी कंडक्टर. बेलची दोरी वर्षानुवर्षं माझ्या हातात होती. तेव्हा त्यांच्या या दुखण्यात माझा वाटा आहेच.

सध्या अकोल्यात वामनरावांची एक गोष्ट फिरते. म्हातारा बिघडला, कम्प्युटरचं बसमध्ये तिकीट काढतो म्हणतात. ही गोष्ट मीच पसरवली आणि अर्धीच पसरवली. उरलेली अर्धी सांगितल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही, म्हणून लिहितो आहे.

झालं असं, की काचबिंदूनं वामनरावांना बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं स्वच्छ दिसे. पण डावीकडून कोणी आलं तर ते नाकासमोर आल्यावरच कळे. लायसन गेलं. स्कूटरसुद्धा पोरानं विकायला लावली. त्याच सुमारास अंजनगावची भाची सुटीत आली आणि तिनं मोबाइलवर बसचा खेळ दाखवला. त्यात वळायचं असेल तर मोबाइल वाकडा करायचा. वामनरावांनी घाटातलं वळण असं काही घेतलं की खाटेवरून खाली आले.

“अशी हालवून गाडी चालवते का कोनी?” ते जमिनीवरून म्हणाले. “स्टेरिंग कुठी हाये?”

भाची म्हणाली, स्टेरिंग लावून खेळायचं तर गेमिंगचा कम्प्युटर लागतो. तयार घेतला तर महाग पडतो, पार्ट आणून जोडला तर परवडतो. वामनरावांनी बजेट तिथंच ठरवलं. स्कूटरचे जेवढे आले तेवढ्यात कम्प्युटर. वर एक रुपया नाही. “गाडी गेली तं गाडीच आली पायजे,” म्हणाले.

पार्ट अकोल्यातही मिळतात. पण वामनराव ते अमरावतीहून आणणार. आणि एका खेपेत एकच.

“सारे संगंच काहून नाई आनत?” वैनींनी विचारलं.

“ओव्हरलोड होते.”

खरी गोष्ट अशी, की त्यांना रूटवर बसायचं होतं. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरायची आणि बोरगाव मंजूपासून बडनेऱ्यापर्यंत प्रत्येक गतिरोधकावर पाय दाबायचा. पत्र्याचा तेवढा भाग चकचकीत झाला असेल.

पहिल्या खेपेला मला ओढून नेलं. अमरावतीत रफीकभाईंचं दुकान आहे. माणूस सज्जन. हिंदी-मराठी एकाच भांड्यात कालवून बोलतात. त्यांनी विचारलं, “चाचा, पहले प्रोसेसर देखें?”

“पहिले ब्रेक, मंग बाकी,” वामनराव म्हणाले. हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. पोरीसाठी स्थळ पाहतानाही मुलाच्या बापाला त्यांनी हेच सांगितलं होतं. “याच्यात ब्रेक कोन्ता?”

रफीकभाई विचारात पडले. “ब्रेक तो नहीं होता, चाचा. पर पावर सप्लाय समझो. काही गडबड झाली तर तोच मशीन बंद करते, बाकी पार्ट वाचतात.”

झालं. दुकानातला सगळ्यात दणकट पावर सप्लाय घेतला. रफीकभाई सांगत होते की एवढ्याची गरज नाही, यात बजेट जाईल. वामनराव म्हणाले, “भाई, ब्रेकमंदी बचत नाई करत मी.” परतताना तो डबा त्यांनी मांडीवर धरला होता आणि मधूनमधून त्याला थोपटत होते.

दुसऱ्या खेपेच्या आधी शहाणपणा झाला. अकोल्यात कोणीतरी एक प्रोसेसर स्वस्तात काढत होता, तो यांनी घेऊन टाकला आणि जेवणाच्या डब्यात, पोळीच्या कप्प्यात, अमरावतीला नेला. रफीकभाईंनी मदरबोर्ड समोर ठेवला, डबा उघडला, आणि मान हलवली. “ये इसपे नहीं बैठेगा, चाचा. दोघांची कंपनी अलग.”

“थोडं दाबून पाह्य ना.”

रफीकभाईंनी दोन्ही हात पसरून बोर्ड झाकला.

“अरे, भरल्या गाडीत सारेच दाबून बसतात,” वामनराव म्हणाले. “सरका म्हटलं की जागा होते.”

शेवटी त्या प्रोसेसरला जुळेल असा दुसरा, जुना बोर्ड निघाला. त्यावर धूळ होती. वामनरावांनी ती रुमालानं पुसली, बोर्ड उजेडात धरला आणि म्हणाले, “बरा हाये. पेंशनीतला दिसते.”

रॅमच्या वेळी मी होतो. “आठ चलेगा, पर सोळा घ्या,” रफीकभाई म्हणाले.

“आठ म्हंजे किती पॅसेंजर?”

रफीकभाई एव्हाना तरबेज झाले होते. “आठमध्ये काही उभे राहतील.”

“राहू दे की. मूर्तिजापूरले उतरतात.”

पण खरा तमाशा ग्राफिक्स कार्डाचा. नवं बजेटात बसत नव्हतं, म्हणून वापरलेली तीन-चार कार्डं रफीकभाईंनी मांडली. ही वस्तू इंजिनसारखी असते एवढं वामनरावांना समजावलं होतं, तीच चूक झाली.

“किती किलोमीटर चाललं?”

“एका कॉलेजच्या पोरानं चालवलं, चाचा. बस दो साल.”

“कॉलेजचं पोट्टं? मंग क्लच गेलाच असन.”

प्रत्येक कार्ड मशीनला लावून पंखा सुरू करायला सांगितला आणि कान लावून, डोळे मिटून ऐकलं. एक घरघरतं म्हणून नाकारलं. एक बोलतच नाही म्हणून नाकारलं. मुक्या इंजिनाचा भरवसा नसतो. तिसऱ्याजवळ बराच वेळ कान ठेवून बसले. मग मला म्हणाले, “गजाभाऊ, आयक. आपली जुनी गाडी न्यूट्रलले अशीच गुनगुने ना?” मी ऐकलं. मला पंखा ऐकू आला. “अशीच,” मी म्हणालो.

कॅबिनेट लाल-निळ्या दिव्यांचं दाखवलं तर म्हणाले, “मले वरात काढाची नाई.” बिनदिव्यांचं घेतलं. आणि त्याच खेपेला ते प्रकरण घडलं, ज्याचा मी बाजार केला.

परतीच्या बसमध्ये कॅबिनेटचं खोकं वामनरावांनी शेजारच्या सीटवर ठेवलं, खिडकीकडं, वारा लागावा म्हणून. कंडक्टर तरुण मुलगी होती. “काका, लगेज वर ठेवा.”

“लगेज वरतं ठेवतात बाई, बरोबर हाये. पन हे सीटवर बसलं. सीटवर बसते तो पॅसेंजर.”

“याचं तिकीट कसं फाडू?”

“तूच सांग. मी काय कंडक्टर हावो?” आणि माझ्याकडे बोट. “हा हाये.”

सारी बस माझ्याकडे पाहायला लागली. मी उगाच नियम सांगितला, की लहान मुलाचं अर्धं तिकीट असतं. मुलगीही खट्याळ निघाली. “वय काय याचं? पाचच्या आत असेल तर फुकट.”

“आजच जन्मलं,” वामनराव म्हणाले. बस हसली. पण ते हसले नाहीत. “पन फुकट नाई बसाचं. ज्यानं जागा अडवली त्यानं तिकीट घ्याचं.” आणि अर्धं तिकीट काढून खोक्याच्या फटीत खोचलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडबाहेरच्या टपरीवर मी हे आमच्या निवृत्त मंडळींना सांगितलं. त्यांना आवडलं, म्हणून वाढवून सांगितलं. कॅबिनेटला बडनेऱ्याला गाडी लागली, वामनरावांनी त्याला लिंबू हुंगवलं, हे माझं. मे महिना होता. मशीन तापू नये म्हणून वामनराव रेडिएटरसारखं त्यावर ओलं पोतं टाकायला निघाले आणि वैनींनी ते वरच्या वर धरलं, हे मात्र खरं. लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. मग रस्त्यात वामनराव दिसले की कोणी ना कोणी ओरडे, “वामनराव, पोरगं कसं हाये?” ते म्हणत, “मजेत हाये. एक पार्ट राह्यला.”

हा ‘एक पार्ट’ मला समजत नव्हता. रफीकभाईंनाही फोन करून विचारलं. ते म्हणाले, “स्टेरिंग समेत सब दे दिया, भाईसाब. मशीन तो कब की चालू है.”

एके दिवशी टपरीवर मी लिंबाची गोष्ट रंगात आणली होती, आणि एक जुना मेकॅनिक मध्येच म्हणाला, “गजाभाऊ, त्याच्या शेवटच्या ड्युटीले तू नोता ना रे?”

“ताप होता,” मी म्हणालो. चहा अर्धा टाकून घरी आलो.

ताप नव्हता. वामनरावांच्या शेवटच्या ड्युटीच्या दिवशी मी आजारपणाची रजा टाकून पातूरकडे एका शेतात, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे खायला गेलो होतो. शेवटच्या फेरीची शेवटची बेल माझ्या हातून वाजायची होती आणि ते मला झेपलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आलो. असेलही तसं. पण रोडगे खाल्ले हे खरं. दोनच खाल्ले, एरवी मी पाच खातो.

त्या दिवशी वामनरावांना नवा कंडक्टर मिळाला. गाडीतली दोरी तुटलेली. तो पत्र्यावर थाप मारून ‘चलो’ ओरडला. वामनराव हलले नाहीत. मागून हॉर्न, पुढून कंट्रोलर. शेवटी साहेबांनी हात धरून गिअर टाकायला लावला, असं नंतर कळलं. त्यांची शेवटची फेरी बेल न होता गेली. त्याबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही काढला नाही. त्यांच्या घरी जाणंच मी हळूहळू कमी केलं होतं. पार्ट आणण्याच्या निमित्तानं ते मला बोलावत होते, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

मग वैनींचा फोन आला. “भावजी, या बरं एकडाव. चार दिवस झाले, गाडी चालू करून बसतात अन् काढतच नाईत. मी पातेलं बडवून बडवून थकली. म्हनतात, तू वैनी हायेस, कंडक्टर नाईस.”

“तुमाले वैनी म्हनते ते?”

“गाडीत बसले का सारंच इसरतात.”

गेलो. मधल्या खोलीत टेबलावर पडदा, स्टेरिंग, बाजूला गिअरचा दांडा. वामनराव खाकी शर्ट घालून बसलेले. पडद्यावर कुठल्या तरी परदेशातली बस उभी, गोरे पॅसेंजर आत चढून ताटकळलेले, बाहेर बर्फ पडतो आहे. पडद्याच्या कडेला चिकटपट्ट्यांवर स्टॉपांची नावं लिहिलेली: चर्च म्हणजे बोरगाव मंजू, पूल म्हणजे मूर्तिजापूर, तळं म्हणजे बडनेरा. आणि दाराशी, त्यांच्या मागे डावीकडे, एक लोखंडी स्टूल. स्टुलावर छतापासून लोंबणारी दोरी. दोरीच्या वरच्या टोकाला भंगारातून आणलेली, आमच्याच जातीच्या जुन्या बसची बेल.

त्यांनी मागे पाहिलं नाही. “बस. डावीकडं लक्ष ठेवजो, मले तिकडचं दिसत नाई.”

मी बसलो. दोरी धरली. ओढली, पण इतक्या वर्षांनी अंदाज चुकला आणि एकदाच वाजली. वामनरावांचा पाय ब्रेकवर घट्ट झाला. मी पुन्हा ओढली, नीट. टण टण.

गिअर पडला. “ताप उतरला का?” त्यांनी विचारलं.

“उतरला,” मी म्हणालो.

गाडी निघाली. त्या देशात उजवीकडून चालवतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. समोरून येणारा प्रत्येक जण हॉर्न देत होता. वामनराव प्रत्येकाला हात दाखवून पुढे जात होते. त्यांना वाटलं ओळखतात. बर्फ काचेवर येत होता. “जिनिंगकडचे ट्रक चालले वाटते,” ते म्हणाले, “कापूस उडून राह्यला.” मी डावीकडची माणसं सांगत गेलो: सायकलवाला, म्हातारी, कुत्रं. एकालाही धक्का लागला नाही.

पुलाजवळ मी एक बेल दिली. गाडी मूर्तिजापूरला थांबली. तिथं दहा मिनिटं चहाची. ते कधी बदललं नाही. पॅसेंजर त्यांच्या भाषेत कुरकुरायला लागले. वैनी आतून ताटं घेऊन आल्या. ताटात रोडगे आणि वांग्याची भाजी. अंगणातल्या गोवऱ्यांचा धूर मला येतानाच दिसला होता, पण मी काही जोडलं नव्हतं.

मी ताट मांडीवर घेतलं.

“खा,” वामनराव स्टेरिंगवरचे हात न काढता म्हणाले. “त्या दिवशी पोटभर झाले नसन.”

“तुमाले कोनं सांगतलं?”

“पातूरले तू कायनं गेला होता, गजाभाऊ?”

“बसनं,” मी म्हणालो. पासवर. पहिल्या सीटवर बसून, रोडग्यांच्या गप्पा मारत.

“अन् ते बस कोन चालवे?”

तो माणूसही आमच्याच डेपोचा होता, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

वैनींनी रोडग्यावर तूप ओतलं. वामनराव समोर पाहत बसले होते, पाय ब्रेकवर. पडद्यावर कापूस पडत होता, पॅसेंजर घड्याळं पाहत होते. मी तिसरा रोडगा फोडला. मी दोरी ओढल्याशिवाय ती गाडी तिथून हलणार नव्हती, आणि मला कसलीही घाई नव्हती.