सुनीतीसाठी अर्धा टेम्पो रेती

मी कोणाच्या घरात नाक खुपसत नाही. आता दोन बिऱ्हाडांत एकच भिंत आणि तीही पत्र्याची, त्यामुळे पलीकडचं ऐकू येतं, तर तो दोष पत्र्याचा.

त्या शनिवारी मी माझी वाटी परत आणायला शेजारच्या माधवीकडे गेले. (वाटी आदल्या दिवशीच परत आली होती, पण जायला काहीतरी कारण लागतं.) टेबलावर छापील कागद पडला होता. वाचायचा विचार नव्हता, पण अक्षरं मोठी होती. ‘आमच्या बालमंदिरात वाळूचा प्रशस्त हौद. वाळूत खेळल्याने बालकांची बोटे बळकट होतात, कल्पनाशक्ती वाढते, मोजमापाची जाण येते. वेळ नऊ ते पाच.’

वाळूपर्यंत ठीक होतं. नऊ ते पाच वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला. कारण माधवी आणि तिचा नवरा ऑफिसला गेले की नऊ ते पाच त्यांची तीन वर्षांची सुनीती माझी असते. आम्हाला मूल नाही. वज्रेश्वरीला नवस झाले, अकलोलीच्या गरम कुंडात अंघोळी झाल्या. अंगदुखी तेवढी गेली. मग एकदा माधवी ‘अर्धा तास बघा हो’ म्हणून सुनीला ठेवून गेली, त्या अर्ध्या तासाला आता दीड वर्ष झालं.

“नक्की ठरलं का गं?” मी विचारलं.

“सोमवारी सांगायचंय, काकू. वाळूचं मला फार पटलंय. तुमच्याकडे काय, पोर दिवसभर मांडीवर.”

वाळूच ना? मी तडक टेम्पोवाल्या दामूला गाठलं. “दोन घमेली रेती टाक दारात.”

“दोन घमेल्यांसाठी खारबावहून टेम्पो न्हाय निघत, काकू. अर्धा टेम्पो घ्या. घर मोठं हाय तुमचं.” (घर दोन खोल्यांचं. पण मोठं म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही.)

दुपारी दारात डोंगर उभा राहिला. मी सुनीचा विचार करत होते. बाकी भिवंडीने भलताच विचार केला; इथे रेती म्हणजे यंत्रमागाचा पाया. पहिला आला पलीकडच्या कारखान्यातला कारागीर. “चाची, लूम डाल रहे हो? दो मेरे को देना, रात की शिफ्ट भी करूंगा.”

मी नाही म्हणेपर्यंत त्याने नाक्यावर आमच्या ह्यांना गाठून ‘मुबारक हो चाचा’ म्हटलंही. हे बावन्न वर्षांचे. धापा टाकत घरात आले. “अगं, खरं का? या वयात?” चेहरा असा उजळला होता, की ‘रेती आहे हो’ एवढं सांगायला मला दोन घोट पाणी प्यावं लागलं.

मग चाळीचे मालक केसरीनाथशेठ. “वहिनी, लूम किती टाकताय?”

“अहो, सुनीला खेळायला आणलीय.”

“मला शिकवू नका. इथे दारात रेती पडली की महिन्याभरात आतून खटखट सुरू होते. खेळायला म्हणे! तुमच्या घरात मूल कुठाय?”

मी पायरीवर सांडलेली रेती हाताने ढिगाकडे लोटत बसले.

“उद्या उचलायची,” शेठ म्हणाले.

रविवारी ते बघायला आले तेव्हा सुनी डोंगरावर बसून भाकऱ्या थापत होती. तिने एक त्यांच्या हातावर ठेवली. “आजोबा, गरम आहे. फुंकून खा.”

शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि फुंकली. “राहू दे चार दिवस,” म्हणाले.

जिंकले! माधवीला ओढत दारात आणली आणि कागदातलं सगळं पाठ म्हणून दाखवलं. “बघ बोटं! बघ कल्पनाशक्ती! तीन वाट्यांत एक डबा भरला, बघ मोजमाप!”

माधवी तासभर बघत बसली. मग माझा हात धरून म्हणाली, “काकू, तुमचे उपकार. पोर वाळूला घाबरेल म्हणून माझं अडलं होतं. आता शंकाच नाही. उद्याच नाव घालते.”

सोमवारी नऊ वाजता सुनी गळ्यात पाण्याची बाटली अडकवून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. (पुढे वाळू असताना मागे कोण बघतो?) मी दारातल्या ढिगापाशी बसून एक भाकरी थापून पाहिली. उचलताना फुटली.

मंगळवारी मी बालमंदिराच्या फाटकात. सहज गेले होते.

“कोणाचं नाव घालायचंय?” बाईंनी विचारलं.

“माझंच. म्हणजे, हौदापाशी बसेन. पोरांच्या डोळ्यांत वाळू जाते, बघायला कोणी लागतंच. पगार नको.”

बाई विचारात पडल्या. तेवढ्यात हौदातून सुनी धावत आली आणि माझ्या पदराला वाळूचे हात पुसत म्हणाली, “बाई, ही माझी काकू. हिला घ्या ना शाळेत. ही मुळीच रडत नाही.”

बाईंनी मान वर करून माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मी तिथल्या तिथे नापास झाले.