कॅबिनेटपुढचा कूलर

ज्या खोलीत कूलर असतो त्या खोलीत कामाचा उरक आपोआप वाढतो, हे नागपूरच्या प्रशासनाचे मूलभूत तत्त्व आहे. (उरक कोणत्या कामाचा, हे तत्त्वात सांगितलेले नाही.)

आमच्या क्षयरोग प्रयोगशाळेत १९७९ साली जैवसुरक्षा कॅबिनेट आले, तेव्हा या तत्त्वाची मनोभावे अंमलबजावणी झाली. कॅबिनेट म्हणजे पुढून काच असलेले पोलादी कपाट. त्यातला पंखा समोरच्या फटीतून हवा आत ओढतो आणि गाळून सोडतो. त्यामुळे रोग्याच्या थुंकीची बाटली उघडली तरी जंतू आतच राहतात, उघडणाऱ्याच्या नाकात जात नाहीत. अट एकच: समोरची हवा स्तब्ध हवी. पंखा नको, कूलर नको, मागे वर्दळ नको. ही अट थंड देशात लिहिली गेली, हे कोणीही ओळखेल.

कॅबिनेटची रीतसर पूजा झाली. डायरेक्टर मधुकरराव नारळ कॅबिनेटवरच फोडणार होते, पण तपासणी करणाऱ्या सुमतीबाईंनी वेळीच हात धरला. मग साहेबांना काळजी लागली, की परदेशी यंत्र, त्यातून मे महिना. त्याला ऊन बाधायचे. सबब वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर, चाकांच्या स्टँडसकट, बरोबर त्याच्या समोर आणण्यात आला. यंत्राला सोबत म्हणून हेडक्लार्क वामनराव आपले टेबल घेऊन आले. मागोमाग अकाउंट्स, आवक-जावक, पाण्याचा माठ आणि शेवटी राष्ट्रहितार्थ खुद्द साहेबांची खुर्ची. मी टायपिस्ट, माझेही यंत्र नाजूकच.

नाराज एकट्या सुमतीबाई. बाटल्या त्याच उघडत.

"साहेब, कूलरचा झोत सरळ कॅबिनेटमध्ये घुसतो अन् जंतू घेऊन बाहेर येतो. आधी माझ्या छातीत, मग तुमच्या. कूलर बंद करा, नाहीतर मी बाटली उघडत नाही."

वामनराव बोलले, "बाई, टीबीले माणूस माराले दोन वर्षं लागते. हे ऊन तं दुपारीच निपटवून टाकते."

हा मुद्दा बिनतोड होता. सुमतीबाईंनी मग पूजेतली उदबत्ती पेटवून कॅबिनेटच्या तोंडाशी धरली. कूलर बंद असताना धूर मुकाट आत गेला. चालू केल्यावर तो फटीतून उलटला, बाईंच्या कानाजवळून वळला आणि थेट साहेबांच्या मिशीत शिरला.

साहेब विज्ञाननिष्ठ. त्यांनी तात्काळ वामनरावांशी खुर्ची बदलली. वामनरावांनी अकाउंट्सशी, अकाउंट्सने माझ्याशी. अशा रीतीने धोका सेवाज्येष्ठतेनुसार योग्य माणसापर्यंत पोचला. मी काही तिथून उठलो नाही. वारा फार छान येत होता.

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक बाटली उचलली. "ही वाडीच्या ट्रक ड्रायव्हरची. खोकताना रक्त पडून राहिलं त्याचं. असू द्या कूलर चालू. उघडते मी."

झाकणाला हात लागायच्या आत खोली रिकामी झाली. भर मे महिन्यात जेवणानंतर इतके चपळ सरकारी कर्मचारी मी पाहिले नव्हते. (मला ते नीट दिसलेही नाहीत, मी सर्वांच्या पुढे होतो.) त्या घाईतही साहेबांनी कूलर ढकलत आपल्या केबिनमध्ये नेण्याचे भान राखले.

तेव्हापासून आमच्याकडे नियमांचे तंतोतंत पालन होऊ लागले. दार बंद, हवा स्तब्ध, बाई एकट्या. अंगात जाड कोट, तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे. घाम पाठीवरून ओघळे, चष्म्यावर वाफ धरे, थोड्या थोड्या वेळाने बाहेर येऊन त्या तांब्याभर पाणी पीत. पण छाती शाबूत होती, आणि त्या खूश होत्या. सुरक्षिततेचे प्रशस्तिपत्र अर्थातच साहेबांना मिळाले.

व्हरांड्यात रिपोर्टसाठी थांबलेल्या लोकांना मात्र बाईंची दशा बघवेना. नागपूरचा माणूस मुळात दयाळू. शिष्टमंडळ साहेबांकडे गेले.

"एवढ्या गर्मीत बाईले कूलर काहून नाही, साहेब? माणुसकी हाय का नाही?"

साहेब जनमताचा आदर करणारे. दुसऱ्याच दिवशी कूलर कॅबिनेटसमोर परत आला, आणि त्याच्यामागून आम्हीही.

शिष्टमंडळाला हसू नका. मघाशी घाम ओघळला तेव्हा 'बिचारीला निदान एक कूलर तरी द्या हो' असे तुमच्याही मनात येऊन गेलेच. सुमतीबाई तुम्हाला ओळखत नाहीत, हे तुमचे नशीब समजा.