गोपालच्या पेन्शनची वारसदार

"मी मायी पोट्टी पेन्शनवाल्यालेच देईन," असं नत्थुजींनी भर आठवडी बाजारात शेवंतीच्या पाट्या मांडता मांडता जाहीर केलं, तेव्हा गोपाल शेजारच्या दुकानात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पाणी शिंपडत होता. जुड्यांवर पडायचं पाणी सगळं चपलेवर पडलं.

चांदूर बाजारात ही दोन दुकानं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी लागत. इकडे गोपालचे आईवडील, उत्तमराव आणि माणिकबाई, यांची भाजी. तिकडे नत्थुजींची फुलं. नत्थुजींची मोनाली हार गुंफायला बसे, आणि चिल्लर लागली की गोपालकडेच मागे. एवढ्यावर गोपालची तीन वर्षं सुखात गेली होती. तिला काही विचारायची त्याची छाती नव्हती. पेन्शनचं मात्र काहीतरी करता येईल असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तो ललितच्या सेवा केंद्रात जाऊन बसला.

"वय?" ललितनं विचारलं.

"चोवीस."

"चोवीसाव्या वर्षी पेन्शन? आधी मिशी तं नीट येऊ दे बे."

"भेटते साठीनंतर, पन आतापासून भरलं तं हप्ता कमी बसते. मी सगळं वाचून आलो."

तो खरंच वाचून आला होता. इथवर त्याचं सगळं शहाणपणाचंच होतं, हे कबूल करायला हवं.

"वारसदार कोन टाकू? लगन नसन झालं तं बाप टाकतो."

गोपालनं बोटं मोजली. तो साठीला येईल तेव्हा उत्तमराव नव्वदच्या पार गेलेले असणार. "नव्वद वर्साच्या मानसाले कोनी वारसदार टाकते काय?"

ललितनं मान डोलावली. "मंग?"

"मोनाली टाक. नत्थुजीची."

"कोन लागते तुयी?"

गोपाल मनानं साठाव्या वर्षात जाऊन पाहून आला. तिथे मोनाली त्याच्याच अंगणात सांडगे वाळत घालत होती. "बायको," तो म्हणाला.

"लगन कवा झालं?"

"साठ वर्सापर्यंत होईनच न. फारम साठीचाच आहे."

मागे रांग लागली होती आणि लाईट जायची वेळ झाली होती. ललितनं बायको लिहून टाकलं.

दोन महिने गेले. अकोल्याहून मोनालीसाठी स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून होता आणि रविवारी पाहायला येणार होता. हे ऐकल्यापासून गोपालला दुकानावर बसवेना. बाजाराच्या दिवशी तो वांग्यांची पोती घेऊन पहाटेच अमरावतीला निघून गेला, आणि नेमका त्याच दिवशी पोस्टमन त्याचं पेन्शनचं कार्ड घेऊन दुकानावर आला.

उत्तमरावांचा चष्मा घरी राहिला होता. म्हणून पोस्टमननंच मोठ्यानं वाचून दाखवलं, "गोपाल उत्तमराव. वारसदार मोनाली. नातं पत्नी." आणि अभिनंदन करून तो सायकलवर बसून निघूनही गेला.

उत्तमराव बटाट्याच्या पोत्यावर बसले. माणिकबाईंनी डोळ्याला पदर लावला. "सांगतलं असतं तं आपन काय नाई म्हनलो असतो?"

"पोट्ट्यानं परस्पर उरकलं," उत्तमराव म्हणाले. मग कार्ड घेऊन ते चार पावलं चालून शेजारच्या दुकानात गेले आणि त्यांनी नत्थुजींपुढे हात जोडले. "नत्थुजी, चुकलं आमचं. माफ करा."

नत्थुजींनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "शिक्का आहे," ते खोल आवाजात म्हणाले.

"बाबा, मायं लगन नाई झालं," मोनाली म्हणाली.

"शिक्का आहे माय."

"मंग मले कसं मालूम नाई?"

माणिकबाईंना तर वेगळीच काळजी लागली होती. सून शेजारच्या दुकानात बसते आणि आपण तिची अजून ओटीही भरली नाही. घरी जाऊन नारळ आणण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. त्यांनी दुकानातलं एक चांगलं कोहळं उचललं, वरून दोन मुठी गहू घातले आणि मोनालीला कुंकू लावून सगळं तिच्या ओढणीत ओतलं. गिऱ्हाइकांनी वजनकाटे सोडून गर्दी केली. तेवढ्यात नत्थुजींनी अकोल्याला फोन लावला. "रविवारी येऊ नका जी. आमच्या पोरीचं सरकारदरबारी लगन होऊन गेलं."

गोपाल अमरावतीहून परतला तो या गर्दीत. बायामाणसं बाजूला झाली, आणि समोर त्याला कुंकू लावलेली, ओढणीत कोहळं सांभाळत बसलेली मोनाली दिसली. तिच्या हातात त्याचं कार्ड होतं.

"बोल," उत्तमराव गरजले. "कवा केलं लगन?"

"नाई केलं जी अजून," गोपाल म्हणाला. त्यानं नव्वदीचा हिशेब सगळ्यांसमोर मांडला. ऐकणाऱ्या दोघाचौघांना तो पटलाही. नत्थुजींचा मात्र चेहरा लाल झाला.

"म्हंजे अकोल्याचं गेलं अन् तू बी जावई नाई! अरे, मी पोट्टी पेन्शनवाल्याले देईन म्हनलो होतो न!"

"बाबा, कार्ड वाचा," मोनाली म्हणाली. "पेन्शनवालाच आहे हा."

"साठीनंतर भेटन त्याले!"

"अन् अकोल्यावाल्याले काय उद्या भेटनार होती?"

गर्दीत कोणीतरी खो खो हसलं. नत्थुजींनी उत्तमरावांकडे पाहिलं, उत्तमरावांनी त्यांच्याकडे. दोघांनाही एकदम चहाची आठवण झाली आणि ते समोरच्या टपरीकडे निघाले. मोनालीनं कोहळं मांडीवर नीट ठेवलं.

"मले इचारलं कावून नाई?"

"इचारनार होतो," गोपाल चपलेकडे पाहत म्हणाला.

"कवा? साठीले?"

ती हसत नव्हती, म्हणून त्याला जास्तच भीती वाटत होती. आता नाही विचारलं तर खरंच साठी येईल, एवढं मात्र त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. "मोनाली," तो म्हणाला, "करतं काय मायाशी लगन?"

"सांगते. चाल आधी मायासंगं," म्हणून ती उठली. कोहळं तिनं माणिकबाईंकडे परत दिलं नाही, ते बरोबर घेतलं.

ललितच्या केंद्रात ती सरळ खुर्चीवर बसली आणि कोहळं टेबलावर ठेवलं. "मायाबी पेन्शनचा फारम भरा. वय बावीस. हप्ता याच्याहून कमी बसते न मले?"

"बसते," ललित म्हणाला. "वारसदार?"

"गोपाल उत्तमराव."

"कोन लागते तुमचा?" ललितनं या वेळी कीबोर्डवरचे हात उचलून घेतले. एकदा ठेच लागली होती.

"शेजारी लिवा," मोनाली म्हणाली. "अन् याच्या कार्डावर बी तेच लिवा. नातं मंग बदलता येते न?"

"कवाबी. फक्त लगनाचा दाखला लागते."

"दिवाळीच्या आधी दोघं आनून देतो," ती म्हणाली आणि गोपालकडे वळली. "कोहळं धर. जड आहे."