कोरड्या परातीतले मासे

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मेश्राम काका रोज सकाळी परातीत मासे धरतात. परात कोरडी असते. एकदा मी गमतीनं तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं, तर काका तीन पावलं मागे सरकले. म्हणाले, "असं नको करत जाऊ गा, बी.ए."

बी.ए. म्हणजे मी. आमच्या घराण्यातला पहिलाच, त्यामुळे मला ते आवडतं. काकांनी मागवलेल्या मासेमारीच्या काठीसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका त्यांना मीच वाचून दाखवली. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईस्तोवर थांबायचं, मग पुढे फेकायची. टोकाला गळ आणि त्यावर पिसांची खोटी माशी. गच्चीवर परातीवर नेम धरताना काका गळाऐवजी नुसती लाल लोकर बांधतात. "गळ कोणाच्या कानात घुसन, सांगता येते का?" लोकरही कमी नाही, धांडे काकूंच्या ओल्या कुरडयांना ती दोनदा चिकटली.

दोरी तीस फूट गेलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. नदीपासून तेवढं लांब उभं राहायचं असतं ना! लहानपणी खाप्याला कन्हान नदीत ते बुडत होते. मोठ्या बहिणीनं केस धरून ओढून काढलं. तेव्हापासून बस पुलावर आली की काका डोळे मिटतात.

बहीण अजून खाप्यालाच राहते. आता तिला दिसत नाही, जेवणही सुटलंय. फोनवर एवढंच म्हणाली, "तुह्या हातची मासोळी खाईन."

"बाजारातून नेऊ ना काका," मी म्हटलं. "तिले थोडीच दिसते?"

"दिसत नाही म्हणूनच नाही नेत."

रविवारी माझ्या गाडीवर गेलो. बाई, म्हणजे काकांची बहीण, हट्टानं काठावर येऊन बसली. काकांनी पावलांनी तीस फूट मोजले आणि दोरी फेकली. समोरून वारा होता. माशी वाळूत पडली. पुन्हा वाळूत. काका पुढे सरकले, तर ती बोटभर पाण्यात. मग त्यांनी चपला काढल्या. काठी घेऊन पाण्यात उतरले. मलाही पोहता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

पाण्याचा आवाज ऐकून बाईनं माझं मनगट पकडलं. "कुठवर गेला तो? बलाव त्याले. मले नाही पायजे मासोळी."

"बाई, घोट्याएवढंच पाणी हाय वं," काका तिकडूनच ओरडले. मागे वळून पाहिलं नाही.

"खरं हाय का गा?" तिनं मला विचारलं.

पाणी काकांच्या मांडीपर्यंत आलं होतं.

"हो," मी म्हटलं.