नव्व्याण्णवांचं काय झालं?

"सात म्हणजे सात! सात वीसला आमेन आणि सात वाजून एकविसाव्या मिनिटाला गणित!"

रविवारी चर्च सुटल्यावर, मुलांना घरीच शिकवणाऱ्या मार्लीसने हे ट्रूडीला इतक्या ठसक्यात सांगितलं की शेजारी उभा असलेला तिचा नवरा ड्वेन उगाचच ताठ झाला. मिसुरीतल्या त्या गावात नव्यानेच राहायला आलेली ट्रूडी मुलीला शाळेत घालावं की घरीच शिकवावं, या विचाराने पार वाळून गेली होती.

"ताई, एकदा येऊन बघू का? तुमच्याकडे दिवस कसा सुरू होतो ते?"

"अगं, मंगळवारीच ये! वही घेऊन ये!"

ट्रूडी खरंच वही घेऊन आली. सातला पाच मिनिटं होती. दहा वर्षांच्या टॅबिथाची वेणी घट्ट, सात वर्षांच्या सायलसचे केस पाणी लावून चप्प, आणि टेबलावर पावासारखी फुगलेली गरम बिस्किटं. मार्लीसला स्वतःचाच हेवा वाटला.

गाणं झालं. दुसऱ्या कडव्याला कुत्र्याने सूर धरला, तेवढं सोडल्यास छान झालं. मग मार्लीसने पवित्र शास्त्र उघडलं आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचली. शंभर मेंढरं, एक हरवलं, मेंढपाळ नव्व्याण्णव तिथेच सोडून त्या एकाला शोधायला निघाला.

"यातून आपण काय शिकलो, सायलस?"

"नव्व्याण्णवांचं काय झालं?"

"ती महत्त्वाची नाहीत, राजा. जे हरवलं ते महत्त्वाचं."

ट्रूडीने ते लिहून घेतलं. सायलसनेही ते मनात लिहून घेतलं, पण हे मार्लीसला कसं कळणार?

"आता बाबा प्रार्थना करतील. सगळ्यांनी डोळे मिटा."

ड्वेन एरवी दोन वाक्यांत देवाचा निरोप घेणारा माणूस. पण पाहुणी समोर! त्याने चर्चपासून सुरुवात केली, पावसावर आला, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर रेंगाळला, मग डाव्या गुडघ्याकडे वळला. सात वीस कधीच होऊन गेले. मार्लीसने टेबलाखालून लाथ मारली, ती नेमकी त्याच गुडघ्याला लागली.

"आ... मेन!"

सगळ्यांनी डोळे उघडले. सायलसची खुर्ची रिकामी होती आणि बिस्किटांच्या ताटात एक कोंबडी उभी होती!

अंगणाचं दार सताड उघडं. मार्लीस धावत बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. खुराड्याचंही दार उघडं आणि तिच्या तीसांतल्या बहुतेक कोंबड्या लग्नघरातल्या पाहुण्यांसारख्या जागा मिळेल तिथे पसरलेल्या! काही घेवड्याच्या वाफ्यात, काही वाळत घातलेल्या चादरींखाली. ट्रूडीच्या गाडीची काच खाली होती, तर तिघी आत जाऊन तिच्या मुलीच्या छोट्या खुर्चीत बसल्या होत्या.

"पकडा! ड्वेन, कुत्र्याला धर!"

"आधी माझा गुडघा धरू दे!"

वही फेकून ट्रूडीही धावली. एक कोंबडी तिने धरली, दुसरीच्या मागे वळली आणि चिखलात अशी सपशेल पडली की चष्मा वेगळा आणि ट्रूडी वेगळी. तरी धरलेली कोंबडी काही सोडली नाही!

सायलस ओढ्याकाठी सापडला. घसा फोडून एका कोंबडीच्या नावाने ओरडत होता, "डॉरकस! ए डॉरकस!"

"सायलस! दार का उघडं टाकलंस?"

"तूच म्हणालीस ना! मेंढपाळाने बाकीची तशीच सोडली!"

"अरे, त्याने दार लावून सोडली असतील!"

"तसं कुठे लिहिलंय?"

मागून धापा टाकत आलेली टॅबिथा म्हणाली, "नाही लिहिलेलं, आई. मी आत्ता बघून आले."

मार्लीसने दीर्घ श्वास घेतला. "बरं. हरवलंय कोण?"

"मी एकोणतीस मोजल्या. एक कमी!"

"आणि ही तुझ्या काखेतली कोंबडी कोण आहे?"

"ही डॉरकसच वाटते," सायलस खाली बघून हळूच म्हणाला. "खुराड्यात ओरडत होती, म्हणून आधी उचलून घेतली... आणि मग बाकीच्या मोजल्या."

सगळ्या कोंबड्या आत जाईपर्यंत साडेनऊ वाजले. गणिताची वेळ टळली, वाफा गेला, बिस्किटं कुत्र्याने संपवली. ट्रूडी पायरीवर बसून केसांतली पिसं वेचत होती. मार्लीस तिच्यासाठी कॉफी घेऊन आली, पण मान काही वर होईना.

"ट्रूडी, तुला काय दाखवायचं ठरवलं होतं आणि..."

ट्रूडीचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून मार्लीस वाकून बघते तर ती हसत होती! पोट धरून हसत होती.

"ताई, रविवारपासून मला झोप नाही. वाटायचं, मार्लीसताईंसारखं आपल्याला या जन्मात जमायचं नाही." तिने चष्म्यावरचा चिखल पुसला. "आज जिवाला स्वस्थ वाटलं बघा. याहून वाईट तर माझ्याच्यानेही होणार नाही!"

मार्लीस "थँक्यू" म्हणाली खरी, पण कशाबद्दल ते तिचं तिलाही कळलं नाही.